घर पाहावे बांधून – पण कोणाच्या हातून?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण प्रत्येक मराठी घराने ऐकलेली असते. घर ‘घेऊन’ पाहावे असे ती सांगत नाही, ‘बांधून’ पाहावे असे सांगते. पूर्वी घरधनी स्वतःच गवंडी-सुतारांना बोलावी, दगड-लाकूड जमवी आणि आपल्या देखरेखीखाली घर उभे करी. आज शहरांत तयार सदनिका घेण्याचा प्रघात रूढ झाला असला, तरी स्वतःच्या भूखंडावर घर बांधू इच्छिणारे ग्राहक बँकेच्या शाखांत नित्य येत असतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो : सगळे काम एखाद्या कंत्राटदाराकडे सोपवावे, की माल आणि माणसे आपणच जमवून आपल्या घराचे कंत्राटदार आपणच व्हावे?

या प्रश्नाचा निकाल बहुधा एकाच आकड्यावर लावला जातो. कंत्राटदार चौरस फुटाला अमुक दर मागतो, शेजाऱ्याने स्वतः बांधले तेव्हा त्याहून बराच कमी खर्च आला, म्हणून आपणही स्वतःच बांधावे. हा हिशेब चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. कंत्राटदाराला दिलेल्या पैशात केवळ त्याचा नफा नसतो, त्याने अंगावर घेतलेल्या कामाचे आणि जोखमीचे मोलही असते. कंत्राटदार नको म्हटल्याने ते काम आणि ती जोखीम नाहीशी होत नाही, ती घरमालकाकडे येते. ती पेलण्याची आपली तयारी आहे का, याचे उत्तर पाया खोदण्यापूर्वी शोधले पाहिजे. अर्धवट राहिलेल्या घरावर एकीकडे कर्जाचे व्याज आणि दुसरीकडे राहत्या घराचे भाडे भरावे लागणे, ही मध्यमवर्गीय कुटुंबाला अनेक वर्षे मागे नेणारी गोष्ट आहे.

बांधकामाच्या तीन पद्धती

पहिली पद्धत मालासहित कंत्राटाची. येथे सिमेंट, लोखंड, वाळू, विटा, मजुरी हे सारे कंत्राटदाराचे असते आणि मालक ठरलेल्या टप्प्यांनुसार पैसे देतो. दुसरी पद्धत मजुरी कंत्राटाची. तिच्यात माल मालक पुरवितो आणि कंत्राटदार चौरस फुटाच्या दराने केवळ मजूर व देखरेख पुरवितो. तिसऱ्या पद्धतीत मालक स्वतःच सर्वांना वेगवेगळे ठरवितो : पाया खोदणारे, गवंडी, सेंटरिंगवाले, लोखंड बांधणारे फिटर, प्लंबर, वायरमन, फरशीवाले, सुतार आणि रंगारी.

महाराष्ट्रात ज्याला कंत्राटदार म्हणतात त्याला इंदूर-भोपाळकडे ठेकेदार म्हणतात. महाराष्ट्रात वाळू-खडी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने घेतात, तर अन्यत्र ती घनफुटावर किंवा टनावर मिळते. नावे आणि मापे प्रांतागणिक बदलली, तरी कंत्राटदाराची कामे मात्र सर्वत्र चारच असतात.

पहिले काम क्रम लावण्याचे. स्लॅब ओतण्यापूर्वी त्यात विजेच्या नळ्या टाकल्या गेल्या पाहिजेत, वीटकामाच्या वेळी दारांच्या चौकटी हजर असल्या पाहिजेत, न्हाणीघरात फरशी बसण्यापूर्वी जलरोधक थर झाला पाहिजे आणि त्यात पाणी भरून गळती तपासली गेली पाहिजे. हा क्रम चुकला की झालेले काम फोडावे लागते. दुसरे काम खरेदीचे : योग्य माल, योग्य दरात, योग्य दिवशी आणणे. तिसरे काम हजेरीचे : प्रत्येक दिवशी कोणीतरी जाणते माणूस कामावर उभे असणे. चौथे काम जोखीम वाहण्याचे : भाव वाढले, मजूर पळाले, माल चोरीस गेला वा काम बिघडले, तर त्याची झळ सोसणे. पहिली तीन कामे ज्याला जमतील, त्याने त्यांचे मोल स्वतःच्या खिशात अवश्य ठेवावे. चौथे मात्र जमो वा न जमो, अंगावर येतेच.

बचत नेमकी किती?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या दर-पृथक्करणात कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतो. खासगी घरबांधणीत हे प्रमाण माणसागणिक बदलते, परंतु विचार करण्यासाठी हा आकडा उपयुक्त आहे. त्याआधारे एक काल्पनिक उदाहरण पाहू.

समजा, १,२०० चौरस फुटांच्या घरासाठी कंत्राटदाराने चौरस फुटाला २,००० रुपये दर सांगितला. एकूण खर्च २४ लाख रुपये झाला. यात १५ टक्के नफा व वरखर्च धरला, तर मूळ खर्च सुमारे २० लाख ८७ हजार येतो. म्हणजे स्वतः बांधल्यास जास्तीत जास्त ३ लाख १३ हजार रुपये वाचू शकतात. आता वजावटी पाहू. देखरेखीसाठी नेमलेल्या अभियंत्याचे शुल्क ६० हजार रुपये. अननुभवी खरेदीमुळे मालाची नासधूस अनुभवी कंत्राटदारापेक्षा अवघी ३ टक्के जास्त झाली असे धरू. मालाची किंमत साडेतेरा लाखांच्या आसपास धरल्यास ही रक्कम सुमारे ४१ हजार होते. नोकरी सांभाळून काम पाहणाऱ्या मालकाचे घर चार महिने उशिरा पूर्ण झाले, तर दरमहा १२ हजारांप्रमाणे भाड्याचे ४८ हजार जातात. उचललेल्या १२ लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने दरमहा ९ हजार, म्हणजे चार महिन्यांचे ३६ हजार व्याज जाते. एकूण वजावट १ लाख ८५ हजार झाली. हाती उरली बचत १ लाख २८ हजार, म्हणजे मूळ २४ लाखांच्या सुमारे सव्वापाच टक्के.

हीच दिरंगाई आठ महिन्यांची झाली, तर उरलेली बचत ४४ हजारांवर येते. त्यात मालकाने खर्ची घातलेल्या रजा आणि रविवार धरलेले नाहीत. न्हाणीघराची गळती काढण्यासाठी एकदा फरशी उखडावी लागली, तर ही रक्कमही फार दिवस टिकत नाही. याउलट, ज्याचे घर वेळेत पूर्ण होते आणि ज्याच्या घरातच कामावर उभे राहणारे माणूस आहे, त्याची बचत दोन लाखांच्या पुढे जाऊ शकते. बचत शक्य आहे, पण ती वेळ आणि हजेरी यांच्या मोबदल्यात मिळते.

कराचा विचार

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत स्वतः बांधणाऱ्यास एक सवलत आहे. निवासी संकुलाचा भाग नसलेले एकटे घर नव्याने बांधण्यासाठी केवळ मजुरीचे कंत्राट दिले, तर त्या मजुरीवर हा कर लागत नाही. मालासहित कंत्राट नोंदणीकृत कंत्राटदारास दिल्यास मात्र एकूण देयकावर १८ टक्के कर आकारला जातो. मालावरचा कर मालकाला दोन्ही पद्धतींत सोसावाच लागतो. लोखंडावर १८ टक्के कर आहे आणि सिमेंटवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. कंत्राटदारास मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून दोन पद्धतींतील खरा फरक मुख्यतः मजुरी आणि नफा यांवरील कराचा असतो. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कंत्राटदाराचा दर विचारताना तो करासह आहे की कराविना, हे लेखी घ्यावे.

आयकराच्या दृष्टीने वेळेला महत्त्व आहे. जुन्या करप्रणालीचा पर्याय स्वीकारणाऱ्यास स्वतःच्या राहत्या घरावरील व्याजाची वार्षिक दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले तरच. अन्यथा ही मर्यादा केवळ ३० हजारांवर येते. जुने घर विकून आलेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कर वाचविण्यासाठी नवे घर बांधणाऱ्यास तर तीनच वर्षांची मुदत असते. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. अशा ग्राहकाने ‘सवडीने बांधू’ हा विचार मनातून काढून टाकावा.

पैशाचा ओघ

स्वतः बांधणाऱ्यांची सर्वाधिक कुचंबणा होते ती पैशाच्या एकूण रकमेमुळे नव्हे, तर तो हाती येण्याच्या वेळेमुळे. गृहकर्ज मंजूर झाले म्हणजे सारी रक्कम हाती आली असे होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जास घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के मर्यादा आहे. उरलेला हिस्सा ग्राहकाचा, आणि तो साधारणतः आधी खर्च झालेला दिसावा लागतो. त्यानंतर जोते, स्लॅब, वीटकाम व गिलावा, फरशी व अंतिम कामे अशा टप्प्यांनुसार, अभियंत्याच्या दाखल्यावर आणि प्रत्यक्ष पाहणीनंतर रक्कम अदा होते.

यातील मर्म असे की, बँक सामान्यतः झालेल्या कामावर पैसे देते, जागेवर आणून ठेवलेल्या मालावर नव्हे. स्लॅबचा हप्ता स्लॅब झाल्यावर मिळतो, परंतु त्याचे लोखंड, सिमेंट, खडी आणि सेंटरिंगची मजुरी यांचे पैसे त्याआधी द्यावे लागतात. कंत्राटदाराची दुकानदाराकडे पत असते आणि त्याला महिना-दीड महिना उधारी मिळते. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या गृहस्थाला ती मिळत नाही. त्याच्याकडून माल रोखीने आणि मजूर उचल घेऊनच येतात. म्हणून स्वतः बांधू इच्छिणाऱ्याने आपल्या हिश्शाशिवाय किमान एका टप्प्याचा खर्च भागेल एवढी रोकड हाताशी ठेवावी, आणि अंदाजपत्रकाच्या साधारण दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी निराळी राखावी. ती राखता येत नसेल, तर मालासहित कंत्राटच त्याच्या हिताचे आहे.

आणखी एक दक्षता. मंजूर नकाशाबाहेर वाढविलेली खोली वा सज्जा हा स्वतः बांधणाऱ्यास होणारा हमखास मोह असतो. अशा वाढीव कामास कर्जाचा हप्ता मिळत नाही आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्र अडकते. जमिनीची कागदपत्रेही प्रांतपरत्वे भिन्न असतात. मध्य प्रदेशात ‘डायवर्शन’, कर्नाटकात ‘खाता’ असे शब्द कानी पडतात. आपल्या शाखेच्या वकिलांकडून ही कागदपत्रे तपासून घेतल्यावाचून पाया खोदू नये.

कामावर कोण उभे राहणार?

घराची मजबुती ठरते ती काही मोजक्या दिवसांत : पाया भरणे, कॉलम उभे करणे आणि स्लॅब ओतणे. एरवी आठ दिवस मालक फिरकला नाही तरी चालेल, पण या दिवशी जाणत्या माणसाची हजेरी अनिवार्य आहे. काँक्रीटसंबंधीच्या आय. एस. ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत याची नेमकी सूत्रे दिली आहेत. सलोह काँक्रीट किमान एम-२० प्रतीचे असावे. सौम्य हवामानातही पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीहून अधिक नसावे, म्हणजे ५० किलोंच्या एका गोणीस साडेसत्तावीस लिटर, आणि त्यातच ओल्या वाळूतील पाणीही धरायचे. काँक्रीट हलविणे सोपे जावे म्हणून मजूर अंदाजाने आणखी पाणी ओततात. त्यामुळे वाया गेलेली ताकद पुढे कोणत्याही गिलाव्याने परत येत नाही.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि राख वा मळी मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओल राहिली पाहिजे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे टेकू चौदा दिवस ठेवावे. सेंटरिंगवाल्याला आपल्या फळ्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. त्याला थांबविणारे माणूस कामावर असले पाहिजे.

मालाच्या तपासणीसही फार विद्वत्ता लागत नाही. सळईचा मिलिमीटरमधील व्यास घेऊन त्याच्या वर्गाला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. बारा मिलिमीटर जाडीच्या, बारा मीटर लांबीच्या सळईचे वजन या हिशेबाने सुमारे १०.७ किलो आणि आठ मिलिमीटरच्या सळईचे ४.७ किलो भरते. मानकात यास थोडी सूट असते. तथापि वजन त्याहूनही फार कमी भरले, तर सळई बारीक आहे असे समजावे. सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर, दहाहून अधिक थर न लावता ठेवाव्या आणि आधी आलेली गोणी आधी वापरावी. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासणीवाचून वापरू नये.

हे सारे शिकता येते, मात्र ते पाहण्यासाठी तिथे असावे लागते. हैदराबाद किंवा बडोद्यास नोकरी करणारा आणि साताऱ्याकडील आपल्या गावी घर बांधू पाहणारा ग्राहक दूरध्वनीवरून कंत्राटदार होऊ शकत नाही. गावातील भाऊ किंवा काका लक्ष ठेवतील, हे आश्वासन प्रेमाचे असते, पण स्लॅबच्या दिवशी शेतात पेरणी असेल तर ते पाळता येत नाही. पैशाचा आणि दोषाचा प्रश्न निघाला की नातेही अवघडते. अशा ग्राहकाने अभियंत्याच्या वेतनी देखरेखीखाली कंत्राट द्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

जबाबदारी आणि दाद

कंत्राटदार नेमल्यास त्याच्या सदोष कामाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरविली आणि २०१९ च्या कायद्यातही गृहबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वतःच कंत्राटदार झालेल्या मालकास मात्र संपूर्ण घराविषयी दाद मागण्यास कोणी उरत नाही. गवंडी प्लंबरकडे बोट दाखवितो, प्लंबर फरशीवाल्याकडे. सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकावर स्थावर संपदा कायद्याने रचनात्मक दोषाची पाच वर्षांची जबाबदारी टाकली आहे. स्वतःपुरते घर बांधणाऱ्यास ते संरक्षण नाही. म्हणून करारातच दोष दुरुस्तीची मुदत घालावी आणि ती संपेपर्यंत देयकाचा काही भाग राखून ठेवावा.

मजुरांच्या सुरक्षिततेचा विषय तर कोणत्याही बचतीहून मोठा आहे. पहाडावरून पडणे, विजेचा धक्का बसणे, चरीची माती ढासळणे असे अपघात लहान घरांच्या कामावरही घडतात. मजूर थेट नेमले, तर त्यांचा मालक घरमालकच ठरतो आणि अपघाताच्या भरपाईचा प्रश्न त्याच्या दारी येतो. कामगार भरपाई आणि बांधकाम काळातील जोखीम यांचा विमा काम सुरू होण्यापूर्वी उतरवावा. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख रुपये आहे. त्याहून मोठ्या कामावर कल्याण उपकर लागू होऊ शकतो. परवानगी घेतानाच त्याची चौकशी करावी.

अनुभव काय सांगतो?

सामान्य माणसाला आपले घर आपण बांधता येते का? आपल्या देशाचा अनुभव ‘येते, पण एका अटीवर’ असे सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याखेरीज कितीतरी गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण घरमालकांनी स्वतः करून घेतले. शासनाने मदत टप्प्यांनी दिली आणि सोबत अभियंत्यांचे मार्गदर्शन पुरविले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातेत हीच वाट अधिक व्यापक झाली. मालकांनी घरे बांधली, गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले, आणि अभियंत्याने टप्पा तपासल्यावरच पुढचा हप्ता मिळाला. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत तर घर लाभार्थ्याने स्वतःच बांधावे, त्यासाठी कंत्राटदार नेमू नये, असेच सूत्र आहे. सपाट प्रदेशातील १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य तेथेही टप्प्याटप्प्यानेच मिळते.

या तिन्ही ठिकाणी मालकाला मोकळे सोडले नव्हते. मेहनत आणि निवड त्याची होती. पैसा मात्र टप्प्यांनी बांधलेला होता आणि काम तपासण्याची व्यवस्था त्याच्याहून निराळी होती. स्वतः बांधलेली घरे यशस्वी होतात ती या दोन गोष्टींमुळे. गृहकर्जाच्या टप्पेवार अदायगीकडे अनेक ग्राहक अडथळा म्हणून पाहतात. वास्तविक ती त्याच शिस्तीचा एक भाग आहे.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

घर बांधू इच्छिणाऱ्याने पुढील प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांसमवेत, कागदावर लिहून काढावी.

१. काम चालू असेपर्यंत घरातील कोणी जाणते माणूस रोज किमान दोन तास आणि पाया, कॉलम व स्लॅबच्या दिवशी दिवसभर कामावर राहू शकेल काय?

२. आपल्या हिश्शाशिवाय एका टप्प्याचा खर्च आणि दहा टक्के राखीव रक्कम हाताशी आहे काय?

३. लोखंडाचा तपशील, विजेचे बिंदू, नळांच्या जागा यांसह सर्व नकाशे काम सुरू होण्यापूर्वी पूर्ण आहेत काय?

४. कंत्राटदाराशी संबंध नसलेला, आपल्याकडून शुल्क घेणारा अभियंता देखरेखीस तयार आहे काय?

५. काम सहा महिने लांबले, तर भाडे आणि व्याज दोन्ही भरण्याची ऐपत आहे काय?

६. मजुराला ‘हे काम फोडा आणि पुन्हा करा’ असे ठामपणे सांगणे आपल्या स्वभावात बसते काय?

सहाही प्रश्नांना होकार असेल, तर स्वतः बांधण्यास हरकत नाही. पहिल्या, दुसऱ्या किंवा पाचव्या प्रश्नाला नकार असेल, तर मालासहित कंत्राट द्यावे आणि वाचलेली शक्ती करार नीट लिहिण्यात खर्च करावी. त्यात मालाची प्रत, टप्पे, मुदत, जादा कामाचे दर आणि दोष दुरुस्तीची मुदत नमूद असावी. बाकी प्रश्नांत कचरत असाल, तर मधला मार्ग बहुसंख्य कुटुंबांना सोयीचा ठरतो. सिमेंट आणि लोखंड स्वतः खरेदी करावे, एकाच विश्वासू मिस्त्रीस मजुरी कंत्राट द्यावे आणि अभियंत्यास निराळे नेमावे. यात मजुरीवरील करही वाचतो, मालाची प्रतही हाती राहते आणि कामाचा क्रम लावण्याचे ओझे एकट्यावर पडत नाही. कोणताही मार्ग पत्करला, तरी अभियंत्याचे शुल्क वाचवू नये. कंत्राटदाराला रजा देता येते, देखरेखीला देता येत नाही.

पद्धत ठरली की एक वही करावी. रोज आलेला माल, हजर मजूर, दिलेली उचल आणि झालेले काम तिच्यात त्याच दिवशी लिहावे, आणि पैसे शक्यतो बँकेमार्फतच द्यावे. पुढच्या हप्त्यासाठी शाखेत येताना ही वही, पावत्या आणि अभियंत्याचा दाखला सोबत आणणाऱ्या ग्राहकाची पाहणी लवकर होते आणि वाद उद्भवल्यास त्याची बाजू भक्कम राहते. घर बांधून झाल्यावरही ही वही जपून ठेवावी. कोणती नळी कोणत्या भिंतीतून गेली आणि कोणत्या दुकानाचे लोखंड स्लॅबमध्ये आहे, हे पुढील पिढीला त्या वहीवाचून कोणीही सांगू शकणार नाही.